रंगाखालचा रणगाडा : अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय कसे पाहावे?

वाटाड्या

नगरला जाणारे पर्यटक बहुधा भुईकोट किल्ला आणि चांदबीबीचा महाल पाहून शिर्डीकडे किंवा शनिशिंगणापूरकडे वळतात, आणि वेळ उरलाच तर मुलांच्या हट्टाखातर फराहबागेजवळच्या रणगाडा संग्रहालयात डोकावतात. तिथे मुले एका रणगाड्याकडून दुसऱ्याकडे धावतात, मोठी माणसे फलकावरचे नाव आणि देश वाचतात, आणि पाच-दहा रणगाडे पाहून झाल्यावर सगळेच सारखे दिसू लागल्याने मंडळी बाहेर पडतात. या संग्रहालयाला याहून पुष्कळ अधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. मात्र तिथे काय पाहायचे हे आधी ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देतो. भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे, आणि त्या केंद्रानेच फेब्रुवारी 1994 मध्ये हे संग्रहालय उभे केले. उद्घाटन तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. ते स्वतः चिलखती दलातलेच होते. सुमारे पन्नास गाड्या आहेत आणि त्यांत रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट सांगाड्यावर बांधलेल्या चिलखती मोटारीपासून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तयार झालेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत जवळजवळ अर्ध्या शतकाचा प्रवास उभा आहे. ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि सेंच्युरियन, अमेरिकी स्टुअर्ट, चॅफी आणि पॅटन, जपानी हा-गो आणि ची-हा, फ्रेंच एएमएक्स-13, रशियन पीटी-76 आणि जर्मनांची आठ चाकी चिलखती गाडी एवढी विविधता एका आवारात पाहण्यासाठी एरवी युरोपलाच जावे लागते.

या गाड्या दुरुस्त करून, गंज काढून, रंगवून मांडलेल्या आहेत, आणि हा रंगच पाहणाऱ्याची पहिली अडचण ठरतो. ताजा रंग डोळ्यांत भरला की सगळे पोलाद एकाच कारखान्यातून आल्यासारखे वाटते. म्हणून रंगाकडे दुर्लक्ष करून पत्रे एकमेकांना कसे जोडले आहेत ते आधी पाहावे. हा-गोच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा दिसतात. बाहेरून गोळी आदळली की अशा रिव्हेटाचे डोके तुटून आत उडे आणि गोळी आरपार न जाताही आतला माणूस जखमी होई. याच कारणाने पुढे सर्वांनी रिव्हेट सोडून वेल्डिंग स्वीकारले. हा-गोचे चिलखत जास्तीत जास्त 12 मिलिमीटर आहे, म्हणजे जड मशीनगनसुद्धा ते भेदू शकत होती. तिथून चर्चिलच्या सातव्या आवृत्तीपाशी गेलात तर समोरचे पोलाद 152 मिलिमीटर जाड भरते. हे दोन्ही रणगाडे एकाच महायुद्धात वापरले गेले, हे आकडे वाचण्यापेक्षा दोघांच्या मध्ये उभे राहिल्यावर नीट उमगते.

पॅटनच्या बुरुजाशी, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाशी, गेल्यावर जोडणीच दिसत नाही, कारण तो बुरूज ओतीव आहे. पृष्ठभाग खडबडीत राहिलेला असतो आणि ओतकाम करणाऱ्या कारखान्याचे उठावदार आकडे कुठे कुठे रंगातूनही वाचता येतात. अभ्यासक गाडीची ओळख पटवताना फलकापेक्षा या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण फलक बदलता येतो.

पॅटनविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातल्या खेमकरण भागात असल उत्तर येथे 8 ते 10 तारखेपर्यंत जी लढाई झाली तिच्यात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन पाणी सोडलेल्या शेतांत आणि उभ्या उसात अडकले, आणि आपल्या सेंच्युरियन व शेरमन रणगाड्यांनी त्यांना बगलेवर गाठले. पाकिस्तानने तिथे शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. पकडलेले आणि निकामी झालेले रणगाडे भिक्खीविंडजवळ ओळीने उभे केल्यावर त्या जागेचे नावच पॅटननगर पडले. पॅटनची तोफ 90 मिलिमीटरची होती, इंजिन 810 अश्वशक्तीचे होते, अंतर मोजण्याचे दुर्बिणीसारखे यंत्र होते, आणि तरीही तो हरला. ते यंत्र चालवायला बराच सराव लागे आणि चिखलात तर त्याचा काहीच उपयोग नव्हता.

माझा आग्रह असा आहे की पॅटनपाशी उभे राहून प्रत्येकाने त्याच्या दोन्ही बगला पाहाव्यात, कारण समोरून पाहिल्यास या लढाईचे काहीच कळत नाही.

लोखंडी_फिटर

उत्तम विषय. माझा व्यवसाय जड यंत्रांच्या दुरुस्तीचा असल्याने एक-दोन गोष्टींची भर घालतो.

रणगाडा उभा करून ठेवायचा तर त्याचा पहिला शत्रू आतले पाणी असते. झाकणांच्या फटींतून पावसाचे पाणी तळात उतरते आणि तिथेच साठते, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी गाडी आतून सडत जाते. म्हणून जाणकार लोक तळाची निचऱ्याची बुचे उघडी ठेवतात, तोफेचे तोंड बंद करतात आणि झाकणांच्या फटी भरून घेतात. दुसरा शत्रू म्हणजे माती. साखळीपट्टे मातीत टेकले की ओल धरतात आणि पट्ट्यांच्या पिना एकमेकींत अशा जाम होतात की पुढे गाडी हलवायची झाली तर गॅसकटर लावण्यावाचून उपाय राहत नाही. त्यामुळे गाडी काँक्रीटच्या ओट्यावर उभी असणे महत्त्वाचे. तिसरी गोष्ट रबराची. चाकांवरचे रबर उन्हाने कडक होऊन भेगाळते आणि ते नव्याने ओतून घेणे हे पोलादाच्या कोणत्याही कामापेक्षा खर्चिक असते. कोणत्याही संग्रहालयात गेलात तर बुरुजाकडे पाहण्याआधी खाली वाकून चाके पाहा, म्हणजे देखभाल किती मनापासून होते ते लगेच समजेल.

नगरचे एक भाग्य असे की जिल्हा पर्जन्यछायेत आहे. हेच रणगाडे रत्नागिरीला ठेवले असते तर देखभालीचा खर्च कित्येक पटींनी वाढला असता.

वाटाड्या यांनी बगला पाहण्याची सूचना केली आहे, तिला पुरवणी जोडतो. कुठे भोक आढळले तर त्याची कड पाहावी. घन गोळ्याने पाडलेले भोक बऱ्यापैकी गोल असते, बाहेरच्या बाजूला पोलादाची ओठासारखी कड वर आलेली असते आणि आतल्या बाजूला खपल्या निघून खळगा मोठा झालेला असतो. याउलट पोकळ स्फोटक भरलेल्या गोळ्याचे, म्हणजे जीपवरच्या 106 मिलिमीटर तोफेतून सुटणाऱ्या गोळ्याचे भोक तुलनेने अरुंद असते आणि त्याच्याभोवती वितळलेल्या धातूचे शिंतोडे दिसतात. असल उत्तरला कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून पॅटन टिपले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. साध्या जीपला चिलखत नसते, पण ती बुटकी असते, उसाआड लपते आणि जागा पटकन बदलते. रणगाडा संग्रहालयात जीपकडे कोणी ढुंकून पाहत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

चिंचपोकळी_लोकल

दोघांचेही प्रतिसाद आवडले, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. ज्या रणगाड्याचे इंजिन बंद आहे, झाकणे पक्की बसवली आहेत आणि आत कोणालाही डोकावता येत नाही, त्याला जीर्णोद्धार केलेला रणगाडा का म्हणावे? रणगाडा हे चालणारे यंत्र आहे. त्याचा आवाज, धूर आणि जमिनीला बसणारे हादरे वजा केल्यावर उरते ते केवळ आकारमान. परदेशी संग्रहालये दर वर्षी आपले रणगाडे मैदानात चालवून दाखवतात. आपल्याकडे हे का होत नाही, असा प्रश्न पडतो.

डॉर्सेटनिवासी

मी इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयापासून फारसा दूर राहत नाही आणि तिथे अनेकदा गेलो आहे, म्हणून वरच्या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

तिथला सर्वांत प्रसिद्ध रणगाडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर 131. ब्रिटिशांनी तो एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडला, आणि आज स्वतःच्या बळावर चालणारा तो जगातला एकमेव टायगर-1 आहे. त्याला मैदानात येताना पाहणे हा विलक्षण अनुभव असतो यात वाद नाही. परंतु तो चालता करताना त्यात जे इंजिन बसवले ते संग्रहालयातल्याच किंग टायगरमधून काढलेले आहे. म्हणजे एक रणगाडा चालावा म्हणून दुसऱ्याचे काळीज काढावे लागले. तिथल्या लोकांनी हे लपवलेले नाही आणि तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता, तरी ही किंमत आहे हे मान्य करायला हवे. शिवाय चालवलेले प्रत्येक यंत्र झिजते, आणि झिजलेला भाग नवा बसवला की मूळ वस्तू तेवढी कमी होते.

याच संग्रहालयात 1915 सालचा लिटल विली आहे, ज्याच्यापासून रणगाड्यांचा इतिहास सुरू होतो, आणि मार्क-1 या पहिल्या लढाऊ रणगाड्याचा आज जगात उरलेला एकमेव नमुनाही आहे. हे दोन्ही ते चालवत नाहीत आणि कधी चालवतील असे वाटतही नाही. पहिल्या महायुद्धातला रणगाडा मैदानात दाखवायचा झाला तर एका चित्रपटासाठी तयार केलेली मार्क-4 ची प्रतिकृती बाहेर काढतात. ही विभागणी मला अतिशय शहाणपणाची वाटते : ज्याचे भाईबंद पुष्कळ आहेत ते चालवावे, जे एकटे उरले आहे ते जपावे, आणि लोकांची हौस प्रतिकृतीवर भागवावी.

रशियातल्या कुबिंका येथील माऊस तर आणखी वेगळा प्रकार आहे. जर्मनांच्या त्या अवाढव्य रणगाड्याचे दोनच नमुने तयार झाले होते. रशियनांनी एकाचे धड आणि दुसऱ्याचा बुरूज जोडून आज दिसतो तो एक माऊस केला. तो खरा की खोटा, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. दोन्ही भाग अस्सल आहेत, पण तो संपूर्ण रणगाडा या रूपात लढाईत कधीच उतरला नव्हता.

वाटाड्या

डॉर्सेटनिवासी, आपण मांडलेली विभागणी नगरलाही लागू करता येईल. विजयंता शेकड्यांनी तयार झाले, अनेक शहरांच्या चौकांत आणि छावण्यांच्या दारांत ते आजही उभे आहेत. त्यांतला एखादा चालता ठेवला तर इतिहासाचे काही बिघडणार नाही. (त्याचे लेलंड एल-60 इंजिन सुरू असतानाही सैनिकांना पुरेसा त्रास देत असे, ही गोष्ट वेगळी.) याउलट जपानी ची-हा चालवण्याचा हट्ट कोणी धरू नये.

माऊसच्या निमित्ताने जो प्रश्न निघाला आहे तो आपल्याकडच्या एका सेंच्युरियनबाबत मला फार दिवसांपासून पडलेला आहे. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत ते ज्या रणगाड्यात होते त्याचे नाव फामागुस्ता. रणगाडा पेटल्यानंतरही, तोफ चालू आहे म्हणून, त्यांनी तो सोडायला नकार दिला आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. एकविसाव्या वर्षी मरणोत्तर परमवीरचक्र मिळवणारे ते अधिकारी. युद्धानंतर फामागुस्ता दुरुस्त करून चिलखती दलाच्या नगरच्या केंद्रातच जतन केला आहे. आता विचार करा. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी तो पुन्हा उभा केला हे त्यांचे कौशल्य आणि आदर दोन्ही दाखवते, पण ज्या आघातांमुळे तो रणगाडा आपल्याला पूज्य वाटतो ते आघात दुरुस्तीत जितके बुजतात तितका तो इतर कोणत्याही सेंच्युरियनसारखा होत जातो. माझे मत विचाराल तर लढाईत जखमी झालेल्या वाहनाचा गंज जरूर थांबवावा, परंतु घाव भरू नयेत. आणि कधी, काय बदलले हे फलकावर चार ओळींत लिहावे. गाडीचे वजन आणि वेग यांपेक्षा ही माहिती वाचायला मला अधिक आवडेल.

वास्कोची_भरती

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथली विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी असतात, त्यामुळे घाव जपावेत की बुजवावेत यापेक्षा पुढचा पावसाळा कसा निभवायचा हाच तिथे मुख्य प्रश्न असणार हे कोणीही सांगेल. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना भिडतात तिथे खारी हवा सर्वांत आधी पोखरते. अशा ठिकाणी वारंवार रंगवण्याला पर्याय नसतो, म्हणून रंग म्हणजे केवळ लपवाछपवी असे मानू नये ही विनंती.

लोखंडी_फिटर

आपला मुद्दा रास्त आहे. रंग हवाच, प्रश्न जुन्या रंगाचे काय करायचे हा आहे. सँडब्लास्टिंग करून पोलाद उघडे केले की गंजाबरोबर जुन्या रंगाचे सगळे थरही जातात, आणि त्या थरांमध्येच गाडीचा इतिहास असतो : वाळवंटी पिवळा, त्यावर हिरवा, त्यावर पकडणाऱ्या सैन्याचा आणखी एक हिरवा. एका शहरातल्या चौकात उभा असलेला रणगाडा दर राष्ट्रीय सणाआधी इतक्या वेळा रंगवला गेला आहे की त्याच्या बोल्टांचे कोपरेसुद्धा आता गोल झाले आहेत, आणि गेल्या खेपेला तर त्याच्या चाकांच्या रबरालाही काळा ऑइल पेंट फासला होता. निदान एका झाकणाच्या आतल्या बाजूला हातभर जागा न खरवडता सोडावी, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला मूळ छटा शोधता येईल.

लाल_गरुड

रंगाविषयी बोलणे चालले आहे तर चिन्हांविषयीही बोलले पाहिजे, कारण चुकीचे चिन्ह रंगवले की गाडीचा इतिहासच बदलतो.

मटिल्डाचे उदाहरण घ्या. डिसेंबर 1940 मध्ये इजिप्तमध्ये सिदी बरानीजवळ चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या पायदळाने इटालियन छावण्या घेतल्या त्या ब्रिटिशांच्या मटिल्डा रणगाड्यांच्या साथीने. इटालियनांच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे मटिल्डाच्या 78 मिलिमीटर चिलखतावरून उडून जात होते. त्या डिव्हिजनचे चिन्ह लाल गरुड. पंचवीस वर्षांनी असल उत्तरला पॅटनना ज्यांनी अडवले ती चौथी डोंगरी डिव्हिजन म्हणजे तीच लाल गरुडवाली. एका टोकाला आपल्या पायदळाला साथ देणारा रणगाडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच डिव्हिजनने रोखलेला रणगाडा, हे दोन्ही प्रकार नगरला एकाच आवारात आहेत, पण देशांच्या क्रमाने पाहत गेल्यास त्यांचा संबंध लक्षात येत नाही. म्हणून देशाऐवजी लढायांच्या क्रमाने पाहावे असे मी सुचवेन.

स्टुअर्टपाशी काश्मीर आणि लडाख यांना जोडणारी झोजिला खिंड आठवावी. 1 नोव्हेंबर 1948 रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या खिंडीत शिरले, तेव्हा समोरच्यांना तिथे रणगाडा येईल याची कल्पनाच नव्हती. वाटेतले पूल कच्चे होते आणि बातमी फुटू द्यायची नव्हती, म्हणून बुरूज उतरवून वेगळे नेले होते. बुरुजाच्या खालचे कडे पाहिल्यावर ते काम डोंगरी रस्त्यावर करणाऱ्यांची कमाल वाटते.

चॅफी आणि पीटी-76 यांना जोडीने पाहावे. 21 नोव्हेंबर 1971 रोजी, युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याआधीच, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला 45 कॅव्हलरीच्या पीटी-76 रणगाड्यांनी पाकिस्तानी चॅफींचा जवळजवळ पुरा स्क्वाड्रन उद्ध्वस्त केला. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे मेजर दलजितसिंग नारंग त्यात धारातीर्थी पडले. पीटी-76 च्या मागे जाऊन पाहिल्यास पाणी फेकणाऱ्या झोतांची दोन तोंडे दिसतात, त्यांच्याच जोरावर तो तरंगत पुढे जातो. तरंगण्यासाठी हलका आणि पोकळ असणे भाग होते, त्यामुळे चिलखत पातळ; अशा रणगाड्यात बसून समोरासमोर लढणाऱ्यांचे धैर्य त्या पत्र्याला हात लावल्याशिवाय कळायचे नाही. अर्थात, हात लावण्याआधी तिथल्या जवानांना विचारावे.

चिंचपोकळी_लोकल

चालत्या रणगाड्यांचा माझा आग्रह मी पूर्णपणे सोडलेला नाही, परंतु ‘एकटे उरले आहे ते जपावे’ हे तत्त्व मान्य आहे. एक व्यावहारिक शंका : सोबत दहा-बारा वर्षांची मुले असतील तर त्यांना काय दाखवावे? लढायांचा क्रम त्यांच्या गळी उतरणे कठीण दिसते.

वाटाड्या

मुलांना आर्चर दाखवा. व्हॅलेंटाइनच्या सांगाड्यावर 17 पौंडी तोफ बसवलेली ही गाडी आहे आणि तिच्या तोफेचे तोंड मागच्या बाजूला आहे. तोफ उडाली की तिचा मागचा भाग चालकाच्या जागेवर धडकत येई, म्हणून गोळा सोडण्यापूर्वी चालकाला जागा सोडावी लागे. मुलांना आधी गाडीची पुढची बाजू ओळखायला सांगावी. बहुतेक जण तोफेच्या तोंडाकडे बोट दाखवतात. मग अशी उलटी गाडी का बनवली असेल हे त्यांनाच विचारावे. गोळा सोडून, गाडी न वळवता, थेट पुढच्या गिअरमध्ये पळ काढता येत होता, हे उत्तर एखादे मूल हमखास देते.

त्यानंतर एएमएक्स-13 कडे न्यावे. त्याच्या बुरुजाचे दोन भाग आहेत आणि वरचा भाग तोफेसकट खालीवर होतो. मागच्या बाजूला सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती पिंपे आहेत, त्यामुळे गोळा भरणारा माणूसच लागत नाही. मात्र बारा गोळे संपले की कोणाला तरी बाहेर पडून ती पिंपे पुन्हा भरावी लागत. भर लढाईत बाहेर कोणी जायचे, यावर मुलांचे भांडण झाले की समजावे, रणगाडा त्यांनी नीट पाहिला आहे.

मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावे, परिसर लष्कराचा आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, कारण दुपारी पोलादाच्या जवळ उभे राहवत नाही.